प्रो बॉक्सिंग: भ्रष्टाचार बॉक्सरच्या जिवावर नेमका कुठे उठतो?

प्रश्न असा आला आहे: ‘प्रो बॉक्सिंगमध्ये सेटिंग चालतं असं सगळेच म्हणतात, पण त्याचा बॉक्सरच्या जिवाशी काय संबंध? आणि घरातला मुलगा प्रो व्हायला निघाला असेल, तर आयोजकांची सुरक्षाव्यवस्था खरी की कागदावरची हे कसं ओळखायचं?’ दोन्हींचं उत्तर एकाच जागी सापडतं, म्हणून एकत्रच देतो.

भ्रष्टाचार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नुरा कुस्ती येते. पैसे घेतले, हरला, विषय संपला. असं घडलेलं आहे. १४ नोव्हेंबर १९४७ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जेक लामोटा बिली फॉक्सकडून हरला आणि ती लढत आपण मुद्दाम सोडली होती हे त्याने १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे कबूल केलं. त्याला विजेतेपदाच्या लढतीची संधी हवी होती आणि तिच्या चाव्या गुंडांच्या हाती होत्या. पण डोक्याला बसणाऱ्या माराच्या हिशेबाने बघा: ठरवून हरणारा माणूस त्या रात्री बऱ्यापैकी सुरक्षित असतो. जीव जातो तो खऱ्याखुऱ्या लढतीत, जी लावायलाच नको होती अशा लढतीत. आणि ती का लावली गेली, तपासणाऱ्याने डोळेझाक का केली, हे शोधत मागे गेलात की पैसा भेटतो.

लढत लावतो मॅचमेकर आणि तो प्रमोटरचा, म्हणजे लढती भरवणाऱ्याचा, माणूस असतो. प्रमोटरला स्वतःच्या पोराचा रेकॉर्ड बिनपराभवाचा हवा असतो, कारण टीव्हीवाले तोच बघतात. म्हणून समोर कोण आणायचा, तर जो उभा राहील, चार-सहा राउंड मार खाईल आणि जिंकणार नाही असा. या धंद्यात हरण्यासाठीच बोलावले जाणारे बॉक्सर असतात. त्यातले जाणते स्वतःला सांभाळतात: क्लिंच करतात, म्हणजे समोरच्याला मिठीत अडकवतात, गार्ड खाली येऊ देत नाहीत. प्रश्न येतो तो नुकताच नॉकआउट झालेला, सहा महिने जिमची पायरी न चढलेला, चार दिवस आधी फोन आला म्हणून तीन किलो वजन उतरवून आलेला माणूस रिंगमध्ये चढतो तेव्हा. कागदावर ती लढत कायदेशीर असते.

रँकिंगचा खेळ हाच, फक्त वरच्या मजल्यावरचा. १९७७ मध्ये प्रमोटर डॉन किंग आणि एबीसी वाहिनीने ‘युनायटेड स्टेट्स बॉक्सिंग चॅम्पियनशिप्स’ नावाची स्पर्धा भरवली होती. काही बॉक्सरांच्या खात्यावर कधी झाल्याच नाहीत अशा लढतींचे विजय मांडलेले निघाले आणि वाहिनीला स्पर्धा अर्ध्यावर गुंडाळावी लागली. आयबीएफ या जागतिक विजेतेपदं देणाऱ्या संघटनेचा संस्थापक अध्यक्ष बॉब ली याच्यावर १९९९ मध्ये रँकिंगसाठी लाच घेतल्याचा खटला उभा राहिला. मुख्य आरोपांतून तो सुटला, पण मनी लाँडरिंग आणि करचुकवेगिरीसाठी २२ महिन्यांची कैद झाली. १९९५ ची जॉर्ज फोरमन विरुद्ध अ‍ॅक्सेल शुल्त्स ही लढत मंजूर व्हावी म्हणून एक लाख डॉलर दिल्याचं प्रमोटर बॉब अ‍ॅरम यांनीच मान्य केलं होतं. आणि २००१ च्या सुमारास डब्ल्यूबीओ या तशाच संघटनेने कडी केली. डॅरिन मॉरिस हा बॉक्सर वारल्यानंतरही त्यांनी त्याला क्रमवारीत दोनदा वर सरकवलं. हसू येतं, पण जी संस्था माणूस जिवंत आहे की नाही हे बघत नाही, ती त्याचा एमआरआय बघत असेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. या संस्थांचं पोट सँक्शन फीवर, म्हणजे लढतीला मान्यता देण्याच्या फीवर चालतं, साधारण पर्सच्या (बॉक्सरच्या मानधनाच्या) ३ टक्क्यांवर. जितक्या लढती, तितकी फी.

खोट्या निकालांचाही शरीराशी संबंध आहे, तो सहसा कोणी मोजत नाही. १३ मार्च १९९९ ला लेनॉक्स लुईसने इव्हँडर होलीफिल्डला उघडउघड हरवलं होतं, तरी निकाल बरोबरीचा लागला. हा जजांचा नालायकपणा होता की आणखी काही, हा वाद बाजूला ठेवा. जजांच्या त्या गुणपत्रिकेमुळे दोघांना नोव्हेंबरमध्ये पुन्हा १२ राउंड खेळावे लागले. हेवीवेटचे १२ जादा राउंड म्हणजे काय, ते ज्याने जवळून पाहिलंय त्याला सांगायला नको.

आता ग्लोव्ह्ज आणि त्यांच्या आत हाताला बांधायच्या पट्ट्या. इथे जरा थांबतो, कारण फसवणूक हाताला लागते अशी ही एकमेव जागा आहे.

१६ जून १९८३, पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बिली कॉलिन्स ज्युनियर, १४ लढती, एकही हार नाही. समोर लुईस रेस्टो, ज्याच्या ठोशात जोर नाही अशी त्याची ख्याती. दहा राउंडनंतर कॉलिन्सचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. लढत संपल्यावर त्याचे वडील, जे त्याचे ट्रेनरही होते, रेस्टोशी हात मिळवायला गेले आणि त्यांच्या हाताला ग्लोव्ह पातळ लागला. ते तिथेच ओरडले, ग्लोव्ह्ज जप्त झाले. रेस्टोचा ट्रेनर पनामा लुईस याने प्रत्येक ग्लोव्हमधून जवळपास औंसभर घोड्याच्या केसांचं भरण काढून टाकलेलं होतं. ८ औंसांच्या ग्लोव्हमधून एक औंस म्हणजे ऐकायला थोडं वाटतं, पण काढलेलं भरण बोटांच्या गाठींवरचं असतं, मनगटाजवळचं नव्हे. कॉलिन्सच्या डोळ्याचं बुबुळ (आयरिस) फाटलं, करिअर तिथेच संपलं आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये मोटार अपघातात तो गेला. रेस्टो आणि पनामा लुईस दोघेही १९८६ मध्ये तुरुंगात गेले. पट्ट्याही प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेल्या होत्या, ही कबुली रेस्टोने कितीतरी वर्षांनी दिली.

२४ जानेवारी २००९, लॉस एंजेलिस. शेन मोस्लीचा ट्रेनर नझीम रिचर्डसन हा प्रतिस्पर्धी अँटोनियो मार्गारितोच्या पट्ट्या बांधताना ड्रेसिंग रूममध्ये हजर होता. हा त्याचा हक्कच आहे आणि तो बजावला पाहिजे. गाठींवर ठेवलेलं पॅड त्याला टणक लागलं, त्याने हट्ट धरून ते उघडायला लावलं. प्रयोगशाळेत त्यात कॅल्शियम आणि गंधक सापडलं, म्हणजे प्लास्टरचे घटक. मार्गारितो नवव्या राउंडमध्ये हरला आणि फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाने त्याचा व ट्रेनरचा परवाना रद्द केला. पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाने परवाना पुन्हा नाकारला, तेव्हा टेक्सासने दिला आणि नोव्हेंबरमध्ये आर्लिंग्टनच्या स्टेडियमवर तो मॅनी पॅकियाओशी लढला. त्या लढतीत त्याच्याच डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. एका दारावर कुलूप लागलं की शेजारचं दार उघडं असतं आणि ते उघडं राहण्यात स्टेडियमवाल्यांपासून सगळ्यांचा फायदा असतो.

पट्ट्या तपासायची रीत सांगतो. बहुतेक अमेरिकी राज्यांत हाताला दोन इंच रुंदीचं मऊ गॉज बँडेज आणि ठरावीक लांबीची सर्जिकल टेप चालते. नेवाडात गॉजची कमाल लांबी हाताला २० यार्ड आहे. टेप गाठींवर येता कामा नये, मूठ आवळल्यावर ती गाठींच्या अलीकडेच थांबली पाहिजे. काही ट्रेनर गॉज, टेप, पुन्हा गॉज, पुन्हा टेप असे थर चढवतात. काही ठिकाणी ते चालतं, पण घामाने भिजून दाबलं गेलं की ते लाकडासारखं होतं, म्हणून त्या राज्याचा नियम आधी वाचायचा. रोल सीलबंद पाकिटातून डोळ्यांसमोर काढायचा. बांधताना जवळ पाण्याची बाटली, स्प्रे, क्रीम काही नको. बांधून झालं की अंगठ्याने प्रत्येक गाठ दाबून बघायची: खाली स्पंज लागला पाहिजे, खडा लागता कामा नये. मग निरीक्षक त्यावर सही करतो. सहीनंतर बॉक्सर संडासाला गेला तरी निरीक्षक सोबत जातो. बऱ्याच गडबडी नेमक्या त्या पाच मिनिटांत होतात.

ग्लोव्ह्जचं असं की ते कमिशनच्या (परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ताब्यात राहिले पाहिजेत आणि रिंगजवळ एक राखीव जोडी हवी. साधारणपणे ६६.७ किलोपर्यंत ८ औंस, त्यावर १० औंस. काटा लावून वजन करायचं, शिवण फिरवून बघायची, भरण दोन्ही अंगठ्यांनी चाचपून ते सरकत नाही ना हे पाहायचं. लेस बांधली की गाठीवर टेप आणि टेपवर सही. लढत संपली की ग्लोव्ह्ज निरीक्षकासमोरच निघाले पाहिजेत. छोट्या कार्डांवर (कार्ड म्हणजे एका रात्रीच्या सगळ्या लढती) हे सगळं करणारा माणूस एकच असतो आणि एका रात्रीत बारा लढती असतात. तिथे कोणाला लाच द्यायची गरजच पडत नाही.

वजन हा न दिसणारा धोका. वजन आदल्या दिवशी होतं, बॉक्सर पाणी तोडून काट्यावर चढतो आणि पुढच्या चोवीस-तीस तासांत पाच-सात किलो परत चढवतो. स्नायूंत पाणी लवकर परततं, मेंदूभोवतीचं संतुलन सावरायला जास्त वेळ लागू शकतो. आयबीएफच्या विजेतेपदाच्या लढतीत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होतं आणि मर्यादेवर १० पौंडांपेक्षा जास्त चालत नाही. डब्ल्यूबीसी ही तशीच दुसरी संघटना वजन मर्यादेपेक्षा ३० दिवस आधी १० टक्के आणि ७ दिवस आधी ५ टक्क्यांहून जास्त नको अशी चाळणी लावते. नियम चांगले आहेत, फक्त ते विजेतेपदाच्या लढतींपुरते आहेत. चार राउंडच्या पोराला ते कोणी लावत नाही आणि काटा चुकला तर प्रमोटर समोरच्याला थोडे पैसे देऊन ‘चालवून घे’ म्हणतो. हे ‘चालवून घेणं’ करारात लिहून येतं, त्यामुळे कोणाला ते गैर वाटत नाही.

रिंगमध्ये लढत थांबवायचा अधिकार कोणाचा? अमेरिकेतल्या एकत्रित नियमांनुसार फक्त रेफरीचा. कॉर्नरने, म्हणजे बॉक्सरच्या ट्रेनर-मदतनिसांनी, हार मानून टॉवेल फेकला म्हणून लढत आपोआप थांबत नाही, रेफरीने ती मान्य करावी लागते. २४ मार्च १९६२ ला एमिल ग्रिफिथने बेनी पॅरेटला बाराव्या राउंडमध्ये दोरांवर अडकवून सलग ठोसे लावले, थांबवायला उशीर झाला आणि ३ एप्रिलला पॅरेट गेला. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध १४ व्या राउंडमध्ये पडलेला किम दुक-कू चार-पाच दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने विजेतेपदाच्या लढती १५ वरून १२ राउंडवर आणल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच रात्रीच्या कार्डावर खेळलेले दोन बॉक्सर, शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा, दगावले. लागलीच ओरिएंटल-पॅसिफिक (ओपीबीएफ) विजेतेपदाच्या लढती १२ वरून १० राउंडवर आल्या. राउंड कमी करणं सोपं असतं. त्यात कोणाची नोकरी जात नाही.

थांबवणाऱ्याची मात्र जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये टायसन फ्युरीविरुद्ध डिओन्टे वाइल्डरचा तोल गेलेला, कानातून रक्त, तेव्हा त्याचा सहप्रशिक्षक मार्क ब्रीलंडने टॉवेल फेकला. योग्य निर्णय. काही महिन्यांत ब्रीलंड त्या टीममध्ये राहिला नाही. जुलै २०१९ मध्ये मेरीलँडला बडी मॅकगर्टने मॅक्सिम दादाशेव्हला अकराव्या राउंडनंतर थांबवलं, मुलगा मान हलवून नाही म्हणत असतानाही. तरीही चार दिवसांनी दादाशेव्ह गेला. म्हणजे वेळेत थांबवलं तरी कधी कधी उशीर झालेला असतो. म्हणून कॉर्नरचा करार बॉक्सरशी आहे की मॅनेजरशी, हे विचारायचं. मॅनेजरच प्रमोटरच्या पैशांवर जगत असेल, तर त्याने नेमलेला ट्रेनर टॉवेल हातात घेताना दहादा विचार करणार.

कधी थांबवायचं याची खूण हाताशी ठेवा: लागोपाठ तीन-चार ठोसे डोक्याला बसले आणि उत्तर आलं नाही, ठोसा बसण्याआधीच डोकं मागे जायला लागलं, कॉर्नरमध्ये परतताना दिशा चुकली, एक पाय घासला जातोय, राउंड कितवा हे सांगता येत नाही. यातलं एकही दिसलं की पुढचा राउंड नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये व्हर्जिनियात प्रिचर्ड कोलोनला डोक्याच्या मागच्या बाजूला ठोसे बसत होते, तो तक्रार करत होता, डॉक्टरांनी बघितलं आणि लढत चालू राहिली. ड्रेसिंग रूममध्ये त्याला उलट्या झाल्या आणि तो कोसळला. मेंदूला झालेली इजा कायमची राहिली.

उलटीची बाब सुटू देऊ नका. डोक्याला हिसका बसला की मेंदू आणि त्याच्या आवरणामधल्या बारीक शिरा फाटतात, रक्त साठू लागतं, कवटीत जागा नसल्यामुळे मेंदू दाबला जातो. यात माणूस आधी नीट बोलू शकतो, मुलाखतही देऊ शकतो. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, एका बाजूचा हात किंवा पाय जड होणं, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणं, झोप आवरत नाही असं म्हणणं, यातलं काहीही दिसलं की न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयातच न्यायचं. जवळचं म्हणून साध्या रुग्णालयात नाही.

ही चूक इंग्लंडने महागात शिकली. २१ सप्टेंबर १९९१ ला व्हाइट हार्ट लेनवर मायकेल वॉटसन कोसळला. रिंगजवळ श्वास सांभाळण्याची साधनं नव्हती, त्याला आधी ज्या रुग्णालयात नेलं तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. तिथून तो सेंट बार्थोलोम्यूला गेला. जिवंत राहिला, पण वर्षानुवर्षं व्हीलचेअरवर. त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर दावा ठोकला आणि २००० मध्ये अपील न्यायालयानेही बोर्डाची जबाबदारी मान्य केली. नियम करणारी संस्था ‘आम्ही फक्त नियम करतो’ म्हणून सुटू शकत नाही, हा या निकालाचा अर्थ. त्यानंतर तिथे रिंगजवळ भूलतज्ज्ञ, तयार रुग्णवाहिका आणि आधीच कळवून ठेवलेलं न्यूरोसर्जरी केंद्र या गोष्टी आल्या.

न्यूयॉर्कने तरी काही धडा घेतला नाही. २ नोव्हेंबर २०१३ ला माइक पेरेझविरुद्ध दहा राउंड मार खाऊन मॅगोमेड अब्दुसलामोव्ह ड्रेसिंग रूममध्ये आला, डोकं दुखत होतं. आवारात रुग्णवाहिका होती. तो रुग्णालयात गेला टॅक्सीने. आयुष्यभराचं अपंगत्व आलं आणि २०१७ मध्ये राज्याला २.२ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. दरम्यान २०१६ पासून राज्याने मेंदूच्या गंभीर इजेसाठी दहा लाख डॉलरचा विमा सक्तीचा केला. त्यावर छोटे प्रमोटर ओरडले आणि काहींनी राज्यच सोडलं. माझ्या मते ज्या लढतीला हा विमा परवडत नाही ती लढत होऊ नये, पण हेही खरं की ती लढत मग नियम सैल असलेल्या गावी होते.

कायद्याची चौकट अमेरिकेत आहे. १९९६ च्या कायद्याने वैद्यकीय तपासणी, रिंगजवळ डॉक्टर, रुग्णवाहिका किंवा पुनरुज्जीवनाची साधनं, आरोग्य विमा सक्तीचे केले आणि एका राज्याने घातलेली वैद्यकीय बंदी दुसऱ्यांनी पाळायची असं ठरवलं. २००० च्या मुहम्मद अली कायद्याने प्रमोटरने लढतीतून किती मिळवलं ते बॉक्सरला सांगणं बंधनकारक केलं आणि प्रमोटर-मॅनेजरमध्ये भिंत घातली. भिंत कागदावर मजबूत आहे. मोडली म्हणून फौजदारी कारवाई मात्र क्वचितच होते. नॉकआउटनंतरची बंदी साधारण ३० ते ९० दिवसांची असते, शुद्ध हरपली असेल तर जास्त. देशाबाहेर ती कोणी विचारत नाही.

भारतात तर कायद्याने नेमलेलं कमिशनच नाही. बॉक्सिंग फेडरेशन हौशी खेळ बघते. प्रो लढतींना मान्यता देणारी इंडियन बॉक्सिंग कौन्सिल खासगी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीच्या डोममध्ये विजेंदर सिंगची झुल्पिकार मैमैतिअलीशी लढत झाली, तशा मोठ्या कार्डांवर परदेशी संघटनेचे निरीक्षक तरी असतात. गावोगावच्या ‘फाइट नाइट’ना कोण असतं? जुलै २०२२ मध्ये बंगळुरूत किकबॉक्सिंगच्या एका कार्यक्रमात एका तरुणाचा मृत्यू झाला, तेव्हा स्थळी वैद्यकीय सोय नव्हती असा आरोप घरच्यांनी केला होता.

म्हणून मुलाच्या वतीने पंधरा दिवस आधी आयोजकांना लेखी विचारा. रिंगजवळचा डॉक्टर कोण, त्याची फी कोण देतं, तो श्वासनलिकेत नळी घालू शकतो का. रुग्णवाहिका किती? एक असेल तर ती निघून गेल्यावर पुढच्या लढती थांबवणार का? न्यूरोसर्जरीचं रुग्णालय कोणतं, त्यांना कळवलंय का, रात्री दहा वाजता तिथे पोचायला किती वेळ लागतो. प्रतिस्पर्ध्याचं नाव कळलं की बॉक्सरेक या बॉक्सरांचे रेकॉर्ड ठेवणाऱ्या वेबसाइटवर शेवटच्या पाच लढती बघा: नॉकआउट कधी, मध्ये गॅप किती, वजन किती वेळा बदललं. रेकॉर्डमधल्या आकड्यापेक्षा त्याने हरवलेले लोक कोण होते ते बघा. स्वतःच्या मुलाचंही तसंच बघा, दहा-शून्य रेकॉर्ड असलेल्या पोरांनाच अचानक मोठा मार बसतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून केलेली तपासणी, ईसीजी, मेंदूचा एमआरआय हे रिपोर्ट प्रतिस्पर्ध्याकडूनही मागवले आहेत का, हे विचारा. विम्याची प्रत मागा आणि त्यातल्या अपवादांचं पान वाचा. नेहमीच्या अपघात पॉलिसीत बहुतेकदा व्यावसायिक खेळ वगळलेला असतो.

लढतीच्या रात्री त्याला एकट्याने झोपू देऊ नका. दारू नाही, अ‍ॅस्पिरिन किंवा इबुप्रोफेन नाही, कारण रक्तस्राव असेल तर ही औषधं तो वाढवतात. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, आणि तेही घेऊन दुखणं वाढतच असेल तर वाट न बघता सीटी स्कॅन. पहिले तीन दिवस कोणीतरी सोबत हवं आणि त्या माणसाला रुग्णालयाचा पत्ता तोंडपाठ हवा.